सरांच्या फाईलीतली ओळ

९ जानेवारी
प्रज्ञा आली. एस.टी.तून उतरली तवा मी ओळखलंच नाही. डोळे हळदीत बुडवल्यासारखे. कावीळ. मिलिंदनं (माझा पोरगा, तिचा बाप) बॅग उचलून आणली. बॅगेत कपडे कमी अन् वायरी जास्त.
डॉक्टर म्हणे तेल-तिखट बंद अन् आराम. मी म्हटलं, "आराम म्हणजे काय ते तिले समजावून सांगा, तिले माहीत नाई." डॉक्टर हसला. ती नाही.
या डायरीत एरवी मी दूध, गॅस अन् माह्या गोळ्या लिहिते. खतवाल्यानं दिलेली आहे, पानापानावर सोयाबीनचं चित्र. आता प्रज्ञाचं लिहीन. नुसतं प्र. लिहीन, बोटं दुखतात.

११ जानेवारी
शेजारची कमल काविळीची माळ घेऊन आली. गळ्यात घालायची, कावीळ उतरली का माळ लांबते म्हणे. मी म्हटलं, दोरा ढिला बांधला का आपोआप लांबते. कमल रागावली. प्र.नं घालून घेतली, कमलचं मन राखाले. मोठी विज्ञानवाली.
उसाचा रस. मुळ्याची भाजी. मुगाची खिचडी. तिनं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं वाकडं कर, पण उघड.

१३ जानेवारी, मंगळवार
मंगळवारी प्र.च्या युनिव्हर्सिटीतल्या ग्रुपची मीटिंग असते. खाली नेट येत नाही म्हणून प्र. गच्चीवर बसते. मी वाळत टाकलेली तूर हलवाले वर गेले अन् बसूनच राह्यले. पडद्यावर चौकोना-चौकोनात डोके. एक पोट्टं बोलते, बाकीचे खाली पाहतात. सर (प्र.चे गाईड) कोपऱ्यातल्या चौकोनात. पांढरे केस, आवाज बारीक. जास्त बोलत नाहीत. मधीच एवढंच, "हे असं का?" का बोलणारं पोट्टं गार.
संपल्यावर विचारलं, तुमच्याकडं बनते काय. म्हणे पदार्थ. दाखव म्हटलं.
"अजून कोणी बनवलाच नाई आजी. आमी आधी कॉम्प्युटरवर पाह्यतो, असा पदार्थ असला तर कसा वागंन. वीज कुठून जाईन, कुठं अडंन. मंग दुसरे लोक बनवतात."
म्हणजे पोरगी जन्माले आली नाही अन् हे ती सासरी कशी नांदंन ते सांगून राह्यले. असं म्हटलं तर प्र. एवढी हसली का पोट धरून खाली बसली. बरोबर हाये म्हणे, तंतोतंत असंच हाये.

१४ जानेवारी
तिळाचे लाडू केले. प्र.ले बंद. तिच्यासमोर बसून खाल्ले. आजारी माणसाची दया केली का तो आजारातच राहते.

१७ जानेवारी
आज प्र.नं नीट बसवून सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिलेच सांगायचं होतं.
यांचा एक लेख मागे बाहेरच्या मोठ्या मासिकात छापून आला. त्यात एका पदार्थाचं आहे, पापडासारखा पातळ. त्याच्या मधातून वीज जातच नाही, फक्त काठाकाठानं जाते, अन् काठावर तिले कोणी अडवत नाही. मुंगी पापडाच्या काठानं फिरावी तशी. सर हे परदेशात जाऊन सांगून आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.
लेखावर तीन नावं. पहिलं सौरभचं, दुसरं प्र.चं, शेवटचं सरांचं. सौरभ म्हणजे साताऱ्याकडचा पोट्टा, हिच्या वरच्या वर्गातला, ही त्याले दादा म्हणते. त्याचं शिक्षण झालं, आता नोकरी पाहून राह्यला, अन् त्याच्याजवळ दाखवाले जे काही आहे ते हा लेख. प्र.चा प्रबंधही त्याच लेखावर उभा. उन्हाळ्याच्या आधी द्यायचा. दिला का डॉक्टर.
मी म्हटलं, डॉक्टर होशीन अन् माही शुगर कोण तपासंन? म्हणे तोच, तापाचा डॉक्टर.

२१ जानेवारी
प्र.ची चिडचिड. युनिव्हर्सिटीतलं कॉम्प्युटरचं (पुढं नुसतं कॉ.) जुनं कपाट (ती काही दुसरं म्हणते, मी कपाट) दुरुस्तीले बंद आहे. त्यात यांची मूळ फाईल. म्हणजे कॉ.ले काय-काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी. सरांनी तरुणपणी स्वतः लिहिल्या. ग्रुपमधी नवं पोट्टं आलं का मोठं पोट्टं त्याले ती फाईल देते अन् नवं पोट्टं सगळ्यांले पेढे देते. मग त्यात आपापल्या पदार्थाचं नाव-गाव घालायचं अन् चालवायचं. बाकीच्या ओळींले कोणी हात लावत नाही. बुवानं दिलेल्या ताईतासारखं. हे मी म्हटलं तर तिले आवडलं नाही.
पण प्रबंधासाठी त्याच पापडाचं एक चित्र नव्यानं पाह्यजे अन् सर विचारून राह्यले. दुपारी पाहते तर प्र. ती फाईल आठवून-आठवून टाईप करून राह्यली. ओठ हलवत.

२४ जानेवारी
कॉ.चं उत्तर आलं. चुकीचं आलं म्हणे. चित्रात काठानं जाणाऱ्या विजेच्या रेषाच नाहीत. "माही एखादी ओळ राह्यली असंन." शोधून राह्यली. खिचडीवर साय धरली.

२५ जानेवारी
एक ओळ राह्यलीच होती. ती टाकली, परत चालवलं, जुनं चित्र जसंच्या तसं आलं. मी म्हटलं झालं ना मग, जेव. जेवली नाही.
"आजी, ओळ टाकली का रेषा येतात, काढली का जातात. मंग खरं कोणतं?"
मले काय माहीत. सांग म्हटलं. ती ओळ कॉ.ले सांगते का सगळ्या अणूंले सरळ रांगेत धर, हलू देऊ नको. सरांच्या पहिल्या पदार्थात अणू तसे नीट उभेच राहायचे, म्हणून ती ओळ लिहिली का काम लवकर उरकायचं. या पापडातले अणू तसे नाहीत. मोकळे सोडले का दोन-दोन मिळून एकमेकांजवळ सरकतात. ते सरकले का काठाचा रस्ता बंद. मग तो पदार्थ साधा. असे पडलेले आहेत कितीतरी.
मले लग्नातला फोटो दिसला. फोटोवाला उभा आहे तोवर सगळ्या बाया सरळ रांगेत. तो गेला का दोघी-दोघी मिळून कुजबुज. यांनी फोटो पाहून सांगितलं का या बाया अशाच उभ्या राहतात. अन् ते मासिकात छापलं.
प्र.ले सांगितलं. या वेळी हसली नाही.

२६ जानेवारी
शाळेतले पोट्टे घोषणा देत गेले. प्र.नं खिडकी लावून घेतली. तिसऱ्यांदा चालवून राह्यली.

२७ जानेवारी, मंगळवार
मीटिंगमधी बोलली नाही. सरांनी चित्राचं विचारलं तर म्हणे पुढच्या वेळी दाखवते.
खाली आली तवा मी सरळ सांगितलं. गप राय. त्या ओळीनं कोणी मेलं नाही. पदार्थ तर अजून जन्मालेच आला नाही. प्रबंध दे, डॉक्टर हो, नोकरीले लाग, मग खोद काय खोदायचं ते.
म्हणे, "जन्माले आला हाये ना आजी. बाहेरच्या देशात एक पोरगी त्याच्याच मागं लागली हाये. तिनं बनवला. तिचा मेल आला व्हता, काठावर काईच दिसत नाई, माह्यं काय चुकते म्हणून. आमच्याकडून सौरभदादानं लिहिलं का तुमचा नमुना शुद्ध नसंन. ती परत बनवून राह्यली. परत-परत बनवून राह्यली."
मी भांडे घासले.

३० जानेवारी
सौरभचा फोन. प्र. स्पीकर लावून बोलते अन् तिले वाटते मी बहिरी आहे. बरं आहे.
तो म्हणे, "अगं ती सरांची ओळ आहे. त्यांनीच ओळीपुढे लिहून ठेवलंय ना, काढू नये."
ही म्हणे, तुम्ही कधी काढून पाहिली का.
"कशाला काढू?"
मग त्याचा आवाज खाली आला. बारा तारखेला इंटरव्ह्यू आहे. त्याच्याच गावाजवळच्या कॉलेजात, पर्मनंट जागा. तो होईतो थांब. त्याचं लग्न ठरलं आहे अन् पोरीकडचे त्या जागेसाठीच थांबले आहेत. "एवढं होऊ दे. मग सांग. मीपण तुझ्या बाजूनं बोलेन."
प्र. म्हणे पाहते.
पोट्टं वाईट नाही. घाबरलेलं आहे. वाईट माणसाले शिव्या देता येतात, घाबरलेल्याले काय देणार.

३ फेब्रुवारी
रक्त तपासलं. उतरली बरीच. डोळे पांढरे दिसून राह्यले. कमल माळ पाहून गेली, लांबली म्हणे. मी मान हलवली. भांडाले वेळ नव्हता, कारण सरांचा फोन आला. रविवारी अख्खा ग्रुप येते. सगळ्यांले लोणारचं सरोवर पाहायचं आहे अन् प्र.लेही भेटायचं आहे. लोक कुठून-कुठून खड्डा पाहाले येतात. आम्ही जन्मभर इथं आहोत, खड्ड्यानं कधी आमचं जेवण-खाण विचारलं नाही.
संगीता (सून) घाबरली, एवढ्या शिकलेल्या माणसांले काय करू. मी म्हटलं, त्यांचेही दातच असतीन. रोडगे अन् वांग्याची भाजी. रोडगे भाजाले गोवऱ्या पाह्य.

८ फेब्रुवारी, रविवार
आले. पोट्टे चांगले आहेत, बूट बाहेर काढून रांगेत ठेवले. विहाराजवळच गाडी लावली तर अर्धी गल्ली पाहाले आली.
मले सरांचा राग करायचा होता, जमलं नाही. बारीक माणूस. गुडघा दुखते म्हणून सरोवरात उतरले नाहीत, पोट्ट्यांले पाठवलं अन् स्वतः माह्यासोबत गोवऱ्यांच्या आरापाशी बसले. रोडगा कसा वळायचा विचारलं. वळला. वाकडा झाला. मी म्हटलं, सर, हा तुम्हीच खा. हसले अन् खरंच तोच खाल्ला. त्यांची आई पण कमीच शिकलेली होती म्हणे. मग त्या मूळ फाईलीचं बोलले. म्हणे तेव्हा एका खोलीत एकच कॉ. होता, पाळीपाळीनं मिळायचा, म्हणून ओळ न् ओळ मोजूनमापून लिहिली. अजून चालते म्हणे. सांगतानी डोळे चमकत होते. मी ताटात पाहिलं.
पोट्टे वर आले. जेवणं झाली. सौरभ पाण्याचा तांब्या घेऊन स्वैपाकघरात आला. उंच, शर्ट इस्त्रीचा. प्र.ले हळूच म्हणे, "आज नको हं." तिनं त्याच्या हातातून तांब्या घेतला.
सर हात धुवाले न्हाणीपाशी गेले. प्र. टॉवेल घेऊन उभी. मी तिथंच भांड्यापाशी. ती म्हणाली, "सर, रांगेची ओळ काढली तर अणू जोडीजोडीनं सरकतात. काठावरच्या रेषा जातात. मी चार-पाच प्रकारे करून पाहिलं."
सर हात पुसत राह्यले. कोरडे झाले तरी पुसत राह्यले.
"तू आजारातून उठतीयेस. आधी बरी हो. मग जाळी बारीक करून परत बघ." टॉवेल घडी करून तिच्या हातात दिला. बाहेर जाऊन म्हणे, चला रे, उशीर होतोय.
सर माह्या पाया पडाले निघाले. मी पडू दिलं नाही.

९ फेब्रुवारी
अंग दुखते. उरलेले रोडगे तुपात कुस्करून आम्हीच खाल्ले. सांगून टाकलं ना आता, तुह्या डोक्यावरून उतरलं, असं मी प्र.ले म्हटलं. मले खरंच तसं वाटलं. तिनं जाळी (म्हणजे हिशोबाची चाळणी म्हणे, बारीक केली का उत्तर नेमकं येते) बारीक करून परत लावून दिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मीटिंगमधी सगळ्यांची बोलायची पाळी आली. प्र.ची आली नाही. सर तिच्या चौकोनावरून पुढं गेले. ती शेवटपर्यंत कागद हातात धरून बसली होती.

११ फेब्रुवारी
बारीक जाळीचंही तेच उत्तर. सगळं सरांले एकट्याले पाठवून दिलं. सौरभले नाही, कोणालेच नाही. त्याचा उद्या इंटरव्ह्यू.

१२ फेब्रुवारी
त्याचा संध्याकाळी फोन. चांगला झाला म्हणे. त्या लेखाबद्दलच जास्त विचारलं म्हणे. प्र.नं अभिनंदन केलं. फोन ठेवून भिंतीकडं पाहत बसली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सरांचं उत्तर नाही. मीटिंग रद्द.
मिलिंदले आज सगळं समजलं, संगीतानं सांगितलं. दुकानातून आला तोच तापून. पत्रे-पाईप विकणारा माणूस, पोरीसमोर कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. "आपल्या घरातलं कोणी तिथपर्यंत गेलं नाई. अन् तू गेली त गेली, गाईडचीच चूक काढत बसली? त्यायनं सही नाई केली त काय करशीन? कायले उकरून काढते?"
प्र. म्हणे, मी उकरलं नाई बाबा, ते दिसलं.
मी मधी पडले. म्हटलं, मीही हेच सांगितलं होतं, गप राय म्हणून. तिनं ऐकलं नाई. आता अर्धं बोलून गप बसली त दोन्हीकडून जाईन. बोलली हाये त बोलू दे पुरं.
मिलिंद म्हणे, "माय, तू कोणाकडून हाये?"
मी म्हटलं, जेवाले बस.
खरं म्हणजे मी कोणाकडूनच नाही. पण तो माणूस माह्या आरापाशी बसून वाकडा रोडगा खाऊन गेला, अन् पोरगी बोलली तर हात पुसत राह्यला. नाही म्हणा, हो म्हणा, पण पाहा तरी. याचा मले राग आला.

१९ फेब्रुवारी
प्र.ले डॉक्टरनं पंधरा दिवसांनी युनिव्हर्सिटीत परत जायची परवानगी दिली. प्र. म्हणे कुठं जाऊ.

२० फेब्रुवारी
सरांचा फोन. दुपारी, मी वाटाणे सोलून राह्यले होते. तिनं स्पीकर लावला नाही. मी म्हटलं लाव. लावला.
"प्रज्ञा, मी जुनी फाईल कॉपी नाही केली. सगळी फाईल स्वतः परत टाईप केली, ती ओळ सोडून. तुझंच उत्तर येतंय."
ही वाटाण्याची शेंग हातात घेऊन बसली.
"ओळ माझी आहे. पहिल्या पदार्थासाठी लिहिली होती. 'काढू नये' हेही मीच लिहिलं होतं, तेव्हाच्या मुलांनी खेळ करू नये म्हणून. पुढं मीच विसरलो." मग म्हणे, "तू टॉवेल घेऊन उभी होतीस तेव्हाच मला कळलं होतं. परतताना गाडीत पूर्ण रस्ता तेच डोक्यात. तरी इतके दिवस लावले मी."
प्र. म्हणे, सर, तुमचा गुडघा कसा हाये. मले हसू आलं. काय विचारावं अन् काय विचारते.
फोन ठेवल्यावर सगळे वाटाणे कच्चेच खाल्ले तिनं, मी सोलत गेले तसे. भूक लागली हे काय कमी आहे.

२१ फेब्रुवारी
प्र.नं बाहेरच्या देशातल्या त्या पोरीले लिहिलं, तुमचा नमुना बरोबर असंन, चूक आमची. सरांले विचारून लिहिलं. त्या पोरीनं उत्तरात आधी रडायचं चित्र पाठवलं, मग हसायचं, मग परत रडायचं. तिलेही कोणीतरी गाईड असंनच. तो तिले काय-काय बोलला असंन एवढे दिवस.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
आता पुढचं. लेख परत घ्यायचा. मासिकाले पत्र लिहायचं का आमचं चुकलं. त्यावर तिघांची सही पाह्यजे. एकानं नाही म्हटलं तर ते मासिकवाले चौकशी लावतात, अन् ती चालते म्हणे वर्ष-वर्ष.
सरांची झाली. प्र.ची झाली. तिचा प्रबंध गेला पुढं, कमीत कमी एक वर्ष. नवा पदार्थ, नवं सगळं. मिलिंद शटर पाडून लवकर घरी आला अन् टीव्ही लावला.
सौरभची सही नाही. त्याची त्या कॉलेजात निवड झाली आहे, फक्त ऑर्डर हातात यायची आहे. सर त्याच्याशी बोलले. चूक माझी आहे असं मी तुझ्या कॉलेजाले स्वतः लिहून देतो म्हणाले. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

१ मार्च
सौरभ फोन उचलत नाही. मेसेज पाहते, उत्तर देत नाही. प्र. दिवसातून किती वेळा मोबाईल पाहते ते तिलेच माहीत.
मी तिले म्हटलं, तू त्याच्यावर जोर टाकू नको. म्हणे टाकत नाई. म्हणे, "आजी, त्याच्या जागी मी असती त कधीच करून मोकळी झाली असती."
ते खरं आहे. ती झाली असती. पण तिचं लग्न ठरलेलं नाही अन् तिची ऑर्डर कोणाच्या टेबलावर पडलेली नाही.
त्याच्या जागी मी असते तर सही केली नसती. निदान ऑर्डर येईतो नाही. हे मी तिले सांगितलं नाही. इथं लिहून ठेवते.

३ मार्च, मंगळवार
मीटिंग झाली. सौरभचा चौकोन रिकामा. कोणी त्याचं नाव घेतलं नाही म्हणे. सरांनी सगळ्यांसमोर ती ओळ दाखवली अन् आपली म्हणून सांगितली. नवे पोट्टे एकमेकांकडं पाहत होते. एकानं विचारलं, सर, मग बाकीच्या ओळी? सर म्हणे, आता एक-एक करून सगळ्या पाहू.
ऊन वाढलं. गच्चीवर आता सकाळीच बसावं लागते.

५ मार्च
दुपारच्या एस.टी.नं सौरभ आला. न कळवता. मीच दारात होते. शर्ट चुरगळलेला, बॅग खांद्यावर. मी म्हटलं, ये बापा, बस. खुर्चीवर बसला अन् बॅग मांडीवर घेतली.
पाणी दिलं. सगळं प्यायला. म्हणे तुमच्याकडची एस.टी. फार हळू येते. मी म्हटलं, ज्याले घाई असते त्यालेच हळू वाटते. मग वाटलं उगाच बोलले.
प्र. आतून आली. केस ओले. त्याले पाहून तिथंच थांबली. दादा एवढंच म्हणाली. मी विचारलं, ऑर्डर आली का रे. मान हलवली, हो. कुठं आहे म्हटलं. त्यानं बॅगेवर हात ठेवला.
"आजी, मी आधी इथे आलो. घरी अजून गेलो नाही."
कमल दारातून डोकावून गेली, माळ मागाले आली असंन. मी हातानंच जाय म्हटलं.
मी त्याले विचारलं, जेवून जाशीन का. त्यानं प्र.कडं पाहिलं. प्र. म्हणाली, ते दादा ठरवतीन.
मी आत आले. स्वैपाकघरातून सगळं ऐकू येते, म्हणून इथंच बसून लिहिते. संगीता विचारते, किती भाकरी टाकू. त्याच्या वाटचंही पीठ मळ म्हटलं.
बाहेर सहीचं अजून कोणी काढलं नाही. बॅग त्याच्या मांडीवरच आहे.